फासे बाजूला ठेवा, पत्ते वाटा: ‘कॅसल फाल्केनस्टाईन’ या स्टीमपंक खेळाबद्दल

घाटवाट

‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम २०२०च्या डिसेंबरात आला, तेव्हा माईक पॉन्डस्मिथ हे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानावर पडलं. त्या गेमचं मूळ त्याच्या १९८८ सालच्या टेबलटॉप खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळात आहे. याच माणसानं १९९४ साली आर. टालसोरियन गेम्स या स्वतःच्याच कंपनीतर्फे ‘कॅसल फाल्केनस्टाईन’ काढला. त्यातलं जग सायबरपंकच्या अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. काळ १८७०च्या आसपासचा. स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्यावर रचलेली कल्पनारम्य दुनिया. वाफेची इंजिनं, हवाई जहाजं, राजवाड्यातले नाच, ड्रॅगन, यंत्रविद्येत तरबेज बुटके आणि परीलोकातले सरदार. वाफ आणि जादू यांचा मेळ घालणारे खेळ पुढे बरेच आले, पण माझ्या मते याच्या तोडीचा एकही नाही. तरीही आपल्याकडे आरपीजी, म्हणजे असे रोलप्लेइंग गेम, खेळणाऱ्यांशी बोलताना हे नाव काढलं की बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकत असतात. म्हणून हा धागा.

थोडक्यात गोष्ट अशी. टॉम ओलाम हा आपल्या जगातला, आपल्याच काळातला गेम डिझायनर. बव्हेरियात फिरायला गेलेला असताना परीलोकाचा राजा ऑबेरॉन आणि मोरोलन नावाचा मांत्रिक मंत्राच्या जोरावर त्याला दुसऱ्याच युरोपात खेचून नेतात. त्या युरोपाचं नाव न्यू युरोपा. आपल्या इतिहासात बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला १८८६च्या जूनमध्ये वेडा ठरवून पदच्युत केलं आणि काही दिवसांतच तो स्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेला सापडला. न्यू युरोपात मात्र हाच लुडविग गादीवर आहे आणि बिस्मार्कच्या प्रशियाशी हवाई जहाजांच्या बळावर टक्कर देतो आहे. फ्रान्समध्ये खुद्द ज्यूल व्हर्न, विज्ञानकथा लिहिणारा तो लेखक, विज्ञानमंत्री आहे. इंग्लंडमध्ये कारखानदार ‘स्टीम लॉर्ड’ माजलेले आहेत. कादंबऱ्यांतली पात्रं आणि इतिहासातली माणसं तिथे एकाच रस्त्यावरून चालतात.

मात्र या खेळावर माझा जीव जडला तो गोष्टीमुळे नव्हे, पत्त्यांमुळे. ओलाम तिथल्या उमरावांना संध्याकाळचा विरंगुळा म्हणून रोलप्लेइंग शिकवतो, पण त्या समाजात फासे हे गुत्त्यातल्या लोकांचं काम. सभ्य स्त्री-पुरुष फाशांना हात लावायचे नाहीत, पत्ते मात्र खुशाल खेळायचे. मग सगळा खेळ पत्त्यांच्या साध्या कॅटवर बसवलेला आहे. प्रत्येकाच्या हातात चार पानं. किलवर शरीराच्या कामांना, बदाम भावना आणि प्रेमाच्या कामांना, चौकट बुद्धीच्या आणि इस्पिक मानमरातबाच्या. पात्राचं एखादं कौशल्य ‘साधारण’ असेल तर चार गुण, ‘चांगलं’ असेल तर सहा, ‘उत्तम’ असेल तर आठ. त्यात पानाची किंमत मिळवायची. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा, एक्का चौदा. कामाच्या रंगाचं पान असेल तर पूर्ण किंमत, दुसऱ्या रंगाचं असेल तर फक्त एक. खेळ चालवणाऱ्याला इथे यजमान म्हणतात आणि त्याच्याही हातात पानं असतात.

शक्तींचे आकडे भरलेला कागदही नाही. पात्राची रोजनिशी लिहायची. कुणावर प्रेम आहे, कुणाशी वैर आहे, कशाची भीती वाटते, आयुष्यात काय मिळवायचं आहे, हे पहिल्या पानावर आलं पाहिजे. आमच्या टेबलावर एकीनं पहिल्याच बैठकीपूर्वी अख्खी वही अर्धी भरून आणली होती. एवढी ओढ मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

खेळाचं स्वागत चांगलं झालं. १९९४च्या सर्वोत्तम रोलप्लेइंग नियमांचा ओरिजिन्स हा टेबलटॉप खेळांसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. पाठोपाठ पूरक पुस्तकं आली, त्यात शिष्टाचारांवरचं ‘कॉम इल फो’ हे १९९५चं पुस्तक तर कुणीही नुसतं वाचायला घ्यावं असं आहे. पण ते दशक संपायच्या आत मूळ मालिका थांबली. इतकं कौतुक झालेला खेळ लोकांच्या टेबलांवर का टिकला नाही? तुमची मतं वाचायला आवडतील, मुख्यतः ज्यांनी तो खेळलेला आहे त्यांची.

पाऊलखूण

फारच वेगळं दिसतंय हे. मी फाशांचा डी अँड डीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळलेय, तोही ऑनलाइन. एक प्रश्न. हातातली पानं दिसत असतात म्हणजे आपण जिंकणार की हरणार हे आधीच कळत नाही का? फासा टाकताना जो जीव वर-खाली होतो तो इथे कसा होणार?

सुरंगी

पाऊलखूण, तुझा प्रश्न नेमक्या दुखऱ्या जागेवर आहे. मी हा खेळ बराच खेळलेय आणि मला तो मनापासून आवडतो, पण पत्त्यांच्या नियमात एक मोठं भोक आहे आणि ते झाकून चालणार नाही.

रंग जुळला नाही की पानाची किंमत एक. म्हणजे हातात चांगलं पान आलं की माणूस ते दाबून बसतो आणि नको असलेली पानं बारीकसारीक कामांवर घालवतो. दार उघडून बघतो, घोड्याला चुचकारतो, वाढप्याशी गोड बोलतो. प्रत्येक वेळी एक-दोन रद्दी पानं जातात आणि नवी येतात. लहानपणापासून मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ही युक्ती पहिल्या तासात सुचते. मग पात्र जे करतं ते गोष्टीसाठी करतं की हात साफ करण्यासाठी, हेच कळेनासं होतं. आमच्या गटात एक जण होता, तो प्रत्येक खोलीत शिरल्यावर खिडकीतून उडी मारता येते का बघायचा. का, तर हातात किलवरची तिर्री-चौव्वी साठलेली असायची. परीक्षणांत ‘अभिनव’, ‘मोहक’ वगैरे लिहून मोकळं होणाऱ्यांनी यावर जास्त लिहायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

घाटवाट

सुरंगीताई, हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. आमच्याकडे त्यावर एकच नियम आहे आणि तो पाळला की खेळ सुरळीत चालतो. काम फसलं तर गोष्ट बदलणार असेल तरच पानं टाकायची. दार उघडायला, घोडा चुचकारायला पान लागत नाही, यजमान ‘झालं’ म्हणतो आणि पुढे जातो. रद्दी पानं मग हातात राहतात आणि माणसाला त्यांच्यासकटच जगावं लागतं.

पाऊलखूण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष डावातूनच देतो. आमच्याकडचाच प्रसंग आहे. राजवाड्यात नाच चाललेला. आमची एक खेळाडू एका प्रशियन अधिकाऱ्याला बोलण्यात गुंतवून त्याच्या अंगरख्यातला नकाशा लांबवू बघतेय. तिच्या हातात बदाम नव्वी, इस्पिकचा राजा, किलवर दुर्री आणि चौकट पंजी. तिचं मोहून टाकण्याचं कौशल्य ‘चांगलं’, म्हणजे सहा. काम बदामाचं. नव्वी टाकली की पंधरा. शिवाय दुर्री टाकली तर एकच गुण वाढणार, पण एक रद्दी पान जाणार. ती दोन्ही टाकते: सोळा. अधिकाऱ्याचा संयम ‘चांगला’, सहा, आणि यजमान म्हणून मी बदाम सत्ती टाकली: तेरा.

सोळा तेरापेक्षा जास्त, म्हणजे काम झालं, पण अर्धवट. पुरतं यश हवं तर समोरच्याच्या दीडपट लागते, म्हणजे वीस. दुप्पट झाली तर दणदणीत यश. नकाशा तिच्या हाती लागला, पण अर्धाच फाटून आला आणि अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे.

आता गंमत बघा. तिच्याकडे इस्पिकचा राजा होता. हुद्द्याचा, घराण्याचा रुबाब दाखवून त्या अधिकाऱ्याला गप्प करता आलं असतं. त्यात ती कच्ची, म्हणजे फक्त दोन गुण, पण राजाचे तेरा धरून पंधरा झालेच असते. तिनं राजा राखला, कारण रात्री दरबारात तिला लुडविगसमोर उभं राहायचं होतं. जीव वर-खाली होतो तो या ठिकाणी. माझ्या हातात काय आहे ते तिला दिसत नाही, आणि स्वतःचं सर्वांत मोठं पान आत्ता घालवायचं की नंतरसाठी ठेवायचं हे तिचं तिलाच ठरवावं लागतं. फाशात नशीब आपल्यावर येऊन आदळतं. इथे ते आपल्या हातात असतं आणि आपण ते कधी खर्च करतो याची जबाबदारीही आपलीच असते.

पाऊलखूण

आता समजलं. धन्यवाद! तलवारबाजी पण अशीच?

सुरंगी

नाही, द्वंद्वाचे नियम वेगळे आहेत, आणि ते मला मूळ नियमांपेक्षाही जास्त आवडतात. दोघांनाही लाल पानं, काळी पानं आणि चित्रांची पानं देतात. लाल म्हणजे वार, काळं म्हणजे बचाव, चित्राचं पान म्हणजे दम खाणं. दोघंही दोन-दोन पानं निवडून पालथी ठेवतात आणि एकदम उलटतात. तू वार केलास आणि समोरच्यानं बचाव केला तर काही नाही. तू वार केलास आणि तो दम खात होता, तर लागलं. पाच मिनिटांत समोरच्याचा स्वभाव कळायला लागतो. सतत लाल टाकणारा उतावळा कोण, दबा धरून बसणारा कोण. माझी बहीण एरवी आरपीजीच्या वाटेला जात नाही, पण नुसती द्वंद्वं खेळायला बसते.

जादू त्याहून संथ आहे. तिच्यासाठी दुसरा कॅट. मांत्रिकाला दर दोन मिनिटांनी एक पान ओढता येतं आणि मंत्राला लागणारी शक्ती पुरी होईपर्यंत ओढत राहावं लागतं. तिथे रंगांचे अर्थ बदलतात. बदाम भावनांचा, चौकट जड वस्तूंची, किलवर पंचमहाभूतांचं, इस्पिक आत्म्याचं आणि पलीकडच्या मितींचं. चुकीच्या रंगाचं पान मंत्रात मिसळलं की परिणाम भलताच होतो. खोलीत गोळीबार चाललाय आणि मांत्रिक एकेक पान ओढतोय, बाकीचे त्याला वाचवताहेत, असे प्रसंग आपोआप घडतात.

म्युनिककर

धागा बघून राहवलं नाही. मी कामानिमित्त म्युनिकला असतो आणि खरा फाल्केनस्टाईन बघून आलोय, म्हणून त्याबद्दल लिहितो.

ऑस्ट्रियाच्या सीमेलगत फ्रॉन्टेन गावाच्या वर हा गड आहे. सुमारे १२७० मीटर उंची, किल्ल्याच्या अवशेषांपैकी जर्मनीतला सर्वांत उंचावरचा. तेराव्या शतकात बांधलेला आणि तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटच्या काळात, १६४६ साली जाळून टाकलेला. आज वर उरल्यात त्या छप्पर नसलेल्या चार भिंती आणि खिडक्यांची भगदाडं. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला फारच छोटा वाटेल. पण भिंतीशी उभं राहिलं की एका बाजूला सपाट बव्हेरिया आणि दुसऱ्या बाजूला आल्प्सच्या रांगा दिसतात, आणि लुडविगला ही जागा का हवी होती ते लक्षात येतं.

त्यानं १८८४ साली हा पडका गड विकत घेतला. त्याआधीच, १८८३ मध्ये, ख्रिस्तियान यांक यानं नव्या किल्ल्याचं चित्र काढून दिलं होतं. यांक मूळचा नाटकांचे पडदे रंगवणारा, आणि ते चित्रात दिसतं. सुळक्याच्या टोकावर निमुळते मनोरे, एकावर एक चढलेले, इमारत उभी राहील की नाही याची फिकीरच नाही. वर जायचा रस्ता झाला, पाण्याची सोय झाली आणि १८८६ साली राजा गेला. काम तिथेच थांबलं.

पॉन्डस्मिथनं लुडविगचाच प्रसिद्ध किल्ला नॉयश्वानस्टाईन घेतला असता तर कुणालाही चाललं असतं. तो तर बांधला गेला, रोज हजारोंनी पर्यटक तिथे जातात. त्यानं निवडला तो न बांधला गेलेला किल्ला. खेळात तो ऑबेरॉनच्या मायेनं उभा राहतो. लुडविगच्या डोक्यात जे होतं ते तिथे खरं होतं. ही निवड मला फार हळवी वाटते, आणि खेळाच्या नावातच ती आहे.

निळीशाई

सगळं वाचलं, आणि खेळाची रचना सुंदर आहे हे मान्य. पण मला एक गोष्ट सलते, ती लिहिते.

१८७०चं दशक म्हटलं की तुम्हाला नाच, हवाई जहाजं आणि उमराव दिसतात. मला त्या दशकात १८७६ ते ७८चा दुष्काळ दिसतो. दख्खन, मद्रास, म्हैसूर. पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली. त्याच वेळी, १ जानेवारी १८७७ला, दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. त्याच महिन्यात सरकारनं दुष्काळ पाहायला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतका खाली आणला. आपल्या भागातल्या मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडलं. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावच्या बातम्या गोळा करून सरकारला लिहीत होती. आणि वाफ? वाफेची आगगाडी धान्य बंदराकडे नेत होती.

म्हणजे स्टीमपंकला जी वाफ रम्य वाटते ती आमच्याकडे अशी आली. ‘स्पेस: १८८९’ या फ्रँक चॅडविकच्या १९८८च्या खेळात तर युरोपातली राष्ट्रं थेट मंगळावरच वसाहती करतात. फाल्केनस्टाईन वसाहतींचं गुणगान करत नाही, हे खरं. पण न्यू युरोपाच्या त्या झुंबरांचा पैसा कुठून येतो, हा प्रश्नही तो विचारत नाही. सगळी लढाई युरोपातल्या चांगल्या राजांची आणि वाईट राजांची. हे खेळताना तुम्हाला खरंच काही वाटत नाही?

खटका

निळीशाई, मुद्दा रास्त. पण हा खेळ १९९४चा आहे आणि उघडउघड परीकथा आहे. परीकथेला अर्थशास्त्र विचारायचं का?

निळीशाई

विचारायचं. बिस्मार्क, व्हर्न, लुडविग ही खरी माणसं आणून ठेवली की खरा काळही सोबत येतो. परीकथा म्हणून फक्त हवा तेवढाच इतिहास घ्यायचा हे मला पटत नाही.

घाटवाट

निळीशाई, वाटतं. आमच्या टेबलावर यावर भरपूर बोलणं झालेलं आहे आणि मी तुमच्या बाजूचा आहे. मात्र खेळ टाकून द्यावा असं मला वाटत नाही, कारण ही रिकामी जागा भरायची सोय त्यातच आहे. रोजनिशीत तुम्ही कोण आहात हे तुम्ही लिहिता.

आमच्याकडच्या एका खेळाडूनं अर्देशीर कर्सेतजी वाडियांना गोष्टीत आणलं. हे काल्पनिक नव्हेत. मुंबईतल्या जहाज बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले, जन्म १८०८चा. त्यांनी १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळालेले पहिले भारतीय. पुढे मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्यात मुख्य अभियंता, गोरे इंजिनिअर हाताखाली. निवृत्त होऊन ते इंग्लंडात रिचमंडला राहायला गेले आणि १८७७ साली तिथेच वारले. म्हणजे खेळाचा जो काळ आहे त्या काळात वाफेची यंत्रं कोळून प्यालेला एक मुंबईकर लंडनजवळ खरोखरच राहत होता! आमच्या खेळाडूचं पात्र म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण. स्टीम लॉर्डांच्या कारखान्यात तो नोकरीला लागतो आणि तिथली कागदपत्रं चोरून मुंबईला पाठवतो. दुष्काळ आमच्या गोष्टीत आला तो असा, घरून आलेल्या पत्रांतून. तो भाग मी कधीच विसरणार नाही. चार जण गप्प बसले होते आणि मग त्या पोराच्या पात्रानं किलवरचा एक्का टाकून कारखान्याच्या मालकाच्या थोबाडीत दिली.

मूळ पुस्तकानं हे करायला हवं होतं का? हो, करायला हवं होतं. त्याचं न्यून मी झाकत नाही.

निळीशाई

अर्देशीर वाडियांचं सुचायला पाहिजे होतं मला! हे आवडलं. मूळ आक्षेप कायम आहे, पण अशी गोष्ट असेल तर मी खेळायला बसेन.

खटका

मूळ प्रश्नाकडे येतो: कौतुक होऊनही हा खेळ का टिकला नाही. मी स्टीमपंक-जादू प्रकारातले बरेच खेळ चालवलेत, त्यामुळे तुलनेनं लिहितो.

पहिलं कारण काळ. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्ते जमवून खेळायचा खेळ १९९३च्या ऑगस्टमध्ये आला. पुढची काही वर्षं खेळांच्या दुकानांतला पैसा आणि फळ्या दोन्ही जमवायच्या पत्त्यांनी खाल्ल्या. आरपीजीच्या कंपन्यांचे हाल झाले, डी अँड डी काढणारी टीएसआरसुद्धा १९९७ मध्ये ‘मॅजिक’वाल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली. अशा वेळी एका वेगळ्या, नाजूक खेळाला कोण हात देणार? पत्त्यांच्याच लाटेत पत्त्यांवरचा हा खेळ बुडाला, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं कारण पुस्तकाची मांडणी. पहिला मोठा भाग टॉम ओलामच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आणि नियम मागे. वाचायला बहारदार, पण खेळ चालू असताना एखादा नियम शोधायचा म्हटलं की घाम फुटतो. मी माझ्या प्रतीला चिकटपट्ट्यांचे कान लावून ठेवलेत.

तिसरं आणि माझ्या मते खरं कारण म्हणजे पुढे काय, हे खेळ सांगत नाही. डी अँड डीमध्ये पातळी चढते, शस्त्रं मिळतात, राक्षस मोठे होत जातात. ‘आयर्न किंग्डम्स’नं, म्हणजे प्रायव्हेटियर प्रेसनं २००१ पासून रंगवलेल्या वाफ आणि लोखंडाच्या जगानं, तीच चौकट घेतली आणि पुढे ‘वॉरमशीन’च्या छोट्या पुतळ्यांमुळे ते जग लोकांच्या टेबलांवर टिकलं. किथ बेकरचं ‘एबेरॉन’ २००४चं. विझार्ड्सनं नव्या जगांच्या कल्पना मागवल्या तेव्हा आलेल्या सुमारे अकरा हजारांतून ते निवडलं गेलं. त्यात वाफेऐवजी जादूवर चालणारी आगगाडी आहे. त्याच्या पाठीशी डी अँड डीचे सगळे खेळाडू आयतेच होते. फाल्केनस्टाईन तुमच्याकडून मागतो तो सभ्यपणा, शब्दाला जागणं, प्रेमात पडणं. हे सगळ्यांना टेबलावर जमत नाही, लाज वाटते.

सुरंगी

खटका, तिसरं कारण पटलं. लाजेचा भाग तर फारच. आमच्याकडे पुरुष खेळाडू तलवार काढायला एका पायावर तयार असायचे आणि बदामाचं पान टाकायची वेळ आली की घसा खाकरायचे. पण जे लाज सोडून खेळले, त्यांना मग दुसरं काही खेळावंसं वाटेना.

आणि ‘गर्प्स’ या कुठल्याही जगाला चालणाऱ्या नियमांवर बेतलेल्या २०००च्या आवृत्तीबद्दल कुणीच का बोललं नाही?

खटका

ती स्टीव्ह जॅक्सन गेम्सची. फिल मास्टर्स आणि जेम्स कॅम्बियस यांनी लिहिलेली. जगाची माहिती म्हणून उत्कृष्ट पुस्तक आहे, मूळ पुस्तकात विखुरलेल्या गोष्टी त्यात नीट लावून दिल्यात. पण गर्प्स म्हणजे तीन फासे. ज्या जगात सभ्य माणूस फाशाला शिवत नाही त्या जगात फासे टाकत बसायचं! मी ती संदर्भ म्हणून वापरतो, खेळायला पत्तेच घेतो.

मला आणखी एक दिसतं. फाल्केनस्टाईनमध्ये जे १९९४ साली विचित्र वाटलं ते पुढे सगळीकडे आलं. पात्राच्या नात्यांपासून सुरुवात करणं, ‘झालं, पण किंमत मोजून’ असे निकाल, आकड्यांआधी गोष्ट. जॉन हार्परचा २०१७चा ‘ब्लेड्स इन द डार्क’ घ्या, तोही भुतांनी आणि यंत्रांनी भरलेल्या काळोख्या शहरातला. अर्धवट यश हा तिथे कणा आहे. त्यानं ते फाल्केनस्टाईनवरून घेतलं असं मी म्हणत नाही. पण आज ब्लेड्स खेळणाऱ्या पोरांना फाल्केनस्टाईन दिला तर त्यांना तो अवघड जात नाही, हे मी पाहिलंय. १९९४च्या खेळाडूंपेक्षा आजचे खेळाडू त्याला जवळचे आहेत.

म्युनिककर

हे शेवटचं एकदम पटलं. इथल्या माझ्या गटात दोन जर्मन मुली आहेत, विशीतल्या. त्यांना लुडविग शाळेपासून माहीत, चॉकलेटच्या डब्यांवर त्याचं चित्र असतं. त्यांना खेळात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो तिथे कुणाच्या दयेचा विषय नाही. त्याला सल्लागार आहेत, आरमार आहे, तो निर्णय घेतो.

पाऊलखूण

मला खेळायचंच आहे आता. काय काय लागेल? पुस्तक मिळतं का? आणि कुणी शिकवेल का?

घाटवाट

मूळ पुस्तकाची पीडीएफ रीतसर विकत मिळते. शिवाय फॅट गॉब्लिन गेम्सनं २०१६ पासून परवान्यानं नवी पूरक पुस्तकं आणली आहेत, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. आधी ओलामची गोष्ट सलग वाचून काढा, नियमांना तोवर हात लावू नका.

सामान म्हणजे पत्त्यांचे दोन कॅट. एक नशिबाचा, एक जादूचा. पाठीमागचं चित्र वेगळं असू द्या, नाहीतर ते एकमेकांत मिसळतात आणि मग निस्तरायला वेळ जातो. दोन्ही कॅटांतले जोकर काढू नका. नशिबाच्या कॅटात जोकर पंधरा गुणांचा आणि तुम्ही म्हणाल त्या रंगाचा. तो हातात आला की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, एवढंच मी नव्या खेळाडूंना सांगतो.

पात्रासाठी एक ‘उत्तम’, चार ‘चांगली’ आणि एक ‘कच्चं’ अशी कौशल्यं निवडा, बाकीची सगळी ‘साधारण’. कच्चं कौशल्य विचार करून घ्या, गोष्ट तिथूनच सुरू होते. रोजनिशीसाठी एक वही.

मी पुढच्या महिन्यात ऑनलाइन एक छोटी गोष्ट चालवतोय, चार जणांची. निळीशाईंची एक जागा धरली आहे, तुमची दुसरी. सुरंगीताई, तुम्ही याल का? द्वंद्वं तुम्हीच शिकवा.

सुरंगी

येते. शनिवार चालेल, रविवार नको. आणि घोडा चुचकारायला पान लागणार नाही हे आधीच लिहून ठेवा.

म्युनिककर

चौथी जागा मला. इथले साडेतीन तास मागे धरा, उन्हाळा आहे सध्या.